कस्टर्ड कोण खातंय कोल्हापुरात?

ह्यांचं गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, पाठोपाठ ३० लाईट, म्हणजे रेडिएशन, झाल्या आणि आम्ही फाईल घेऊन घरी आलो. तंबाखू आधीच सुटली होती, सोडावीच लागली. पण पुढं काय खायचं, तोंड उघडत नाही त्याचं काय करायचं, हे फाईलमध्ये कुठंच नव्हतं. होती ती फक्त पुढच्या तपासणीची तारीख.

वर्षाभरानं दवाखान्यातल्या समाजसेविका मॅडमचा फोन आला. उपचार संपलेल्यांसाठी एक ॲप करणार होते, त्यासाठी पेशंट आणि घरचे दोघंही हवे होते. हे म्हणाले, "आम्हाला काय कळतंय त्यातलं?" तरी गेलो. आम्ही अकराजण होतो, कुणी कागलचं, कुणी गारगोटीचं. ॲप दाखवलं, अक्षरं मुंगीएवढी. निम्म्यांचे फोन बटणाचे आणि चांगला फोन पोराच्या खिशात. तासाभरातच ठरलं की आधी वही करायची, ॲप मागनं बघू. गाडीभाडं मात्र आम्ही मागितल्यावर मिळालं, तेही तिसऱ्या बैठकीपासून. एक दिवसाचा पगार बुडवून येणाऱ्याला हे आधी विचारायला नको?

वहीच्या आहाराच्या पानावर लिहिलं होतं, 'सूप, खिचडी, कस्टर्ड'. मी म्हटलं, कस्टर्ड कोण खातंय कोल्हापुरात? लाईटनंतर ह्यांच्या तोंडाला आमटीसुद्धा झोंबायची, लाळ सुटायची नाही, कोरडा घास गिळवत नव्हता. शेवटी मी पांढऱ्या रश्श्यातनं मिरची आणि मिरं काढून टाकलं. खसखस, तीळ, काजू गंधासारखे एकदम बारीक वाटायचे, नारळाचं दूध घालायचं, मटण मिक्सरला फिरवायचं आणि सगळं कोमट करून द्यायचं. आहारतज्ज्ञ मुलीनं ते लिहून घेतलं, वर प्रमाणही विचारलं. माझा अंदाज हाताचा, वाटी-चमच्याचा हिशेब घरी येऊन मांडला.

तोंडाच्या व्यायामाचं तसंच. पानावर '३५ मिलिमीटर' लिहिलेलं, त्याच्या आत उघडत असेल तर जबडा आखडलाय म्हणायचं. ते घरात मोजायचं कशानं? आम्हाला फिजिओवाल्यांनी आईस्क्रीमच्या काड्या दिल्या होत्या, एकावर एक रचून दातांत धरायच्या. ह्यांच्या सुरुवातीला सहा जात होत्या. मग वहीत काड्यांचं चित्र आलं आणि खाली रोजचा आकडा लिहायला चौकोन.

दुसऱ्या बैठकीत पेशंट एका खोलीत, आम्ही घरचे दुसऱ्या खोलीत. ते बरं केलं. आमच्या खोलीत एक बाई बोलता बोलता रडली, तिला दोन वर्षांत कुणी "तुम्ही जेवलात का" विचारलं नव्हतं. आणि ह्यांनी तिकडं सांगितलं की रात्री दुखतं, पण बायको उठेल म्हणून गप्प पडून राहतो. हे मला मॅडमकडनं, तेही ह्यांना विचारून, कळलं. घरी येताना रंकाळ्यापर्यंत मी बोलले नाही.

मी ह्यांना आळशी समजत होते, हेही तिथंच उघडं पडलं. दिवसभर लोळायचे, उन्हात स्वेटर. मानेला लाईट दिल्यावर थायरॉईड मंदावू शकतो, सहा ते बारा महिन्यांनी रक्त तपासायचं असतं, हे डॉक्टरांनी सांगितलं. तपासलं, तेच निघालं. आणि दाताचं! लाईट घेतलेल्या जबड्याला रक्त कमी पोचतं, दात काढला तर जखम भरायला त्रास होतो, हाडही खराब होऊ शकतं. म्हणून गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरला आधी सांगायचं. हे वाक्य कव्हरवरच हवं, लाल अक्षरात, असं आम्ही अकराच्या अकरा म्हणालो.

सगळ्यात जास्त वेळ गेला नावावर. कुणी 'योद्धा' सुचवलं, कुणी 'कर्करोग विजेता'. ह्यांनी गालावरचा टाका खाजवत म्हटलं, "मी कुठं लढाईला गेलतो? मशीनखाली पडून होतो नुसता." हशा झाला. कव्हरवर आता 'उपचारानंतरची वही' एवढंच आहे.

वही अजून छापून आलेली नाही. झेरॉक्स आमच्या फ्रिजवर लावलीय. काल ह्यांनी चौकोनात अकरा लिहिलं, मी काड्या मोजल्या तर दहाच.