कुस्को: पहिल्यांदा जाताना उताराची बाजू धरा

पेरूची राजधानी लिमा समुद्रकाठी आहे आणि इंका साम्राज्याची जुनी राजधानी कुस्को ३,४०० मीटर उंचीवर. विमान ही चढण सव्वा-दीड तासात पार करतं. शरीराला ती पचवायला दोन-तीन दिवस लागतात. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो, त्यामुळे दर श्वासाला प्राणवायू एक तृतीयांशाने कमी मिळतो. गंमत अशी की उतरल्या उतरल्या काहीच जाणवत नाही. मग लोक उत्साहाने त्याच दुपारी चढावरच्या सान ब्लास वस्तीच्या पायऱ्या चढतात. रात्री डोकं ठणकतं, मळमळतं, झोप येत नाही आणि दुसरा दिवस खोलीत पडून जातो.

म्हणून पहिला सल्ला जरा उलटा वाटेल: कुस्कोला उतरा, पण कुस्कोत थांबू नका. विमानतळावरून थेट टॅक्सीने ओयांतायतांबो किंवा उरुबांबा गाठा. दोन्ही गावं कुस्कोजवळच्या सेक्रेड व्हॅली या दरीत, २,८०० ते २,९०० मीटरच्या आसपास आहेत. पाच-सहाशे मीटरचा हा फरक पहिल्या रात्रीच्या झोपेत स्पष्ट कळतो. प्रवास साधारण दोन तासांचा. माचू पिच्चूच्या बहुतेक ट्रेन ओयांतायतांबोहूनच सुटतात आणि माचू पिच्चू आणखी खाली, सुमारे २,४३० मीटरवर आहे. तेव्हा दरी आणि माचू पिच्चू आधी उरकून कुस्को शेवटी ठेवलं, की शहरात पाऊल टाकेपर्यंत शरीर तयार झालेलं असतं. माचू पिच्चूचं तिकीट मात्र दिवस, वेळ आणि मार्ग ठरवून आधीच काढावं लागतं आणि प्रवेशाच्या वेळी मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो.

औषधाचंही सांगायला हवं. उंचीचा त्रास टाळायला असिटाझोलामाइड सहसा १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. हॉटेलात येताच हातात मिळणारा कोकाच्या पानांचा चहा, म्हणजे माते दे कोका, पोटाला बरा वाटतो. पण त्यावर विसंबून राहू नका. त्याने मादक पदार्थांची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि ती पानं बहुतेक देशांत नेणं हा गुन्हा आहे. पहिले दोन दिवस दारू नको आणि रात्रीचं जेवण हलकं ठेवा. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल गेला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर ते साधं डोकेदुखीचं प्रकरण नाही. लगेच दवाखाना आणि खाली उतरणं, हाच उपाय. हॉटेलातल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, म्हणून निर्णय लांबवू नये.

आता तिकीट, कारण इथे गोंधळ हमखास होतो. ‘बोलेतो तुरिस्तिको’ हे एकत्रित तिकीट १६ ठिकाणांचं असतं आणि दहा दिवस चालतं. त्याचेच छोटे भागही मिळतात, पण त्यांची मुदत एक किंवा दोन दिवसांची. शहराच्या डोक्यावरच्या चार अवशेषांचा भाग फक्त एका दिवसाचा. बहुतेक ठिकाणी एकेकट्या जागेचं तिकीट मिळत नाही. दरीपासून सुरुवात करणार असाल तर पूर्ण तिकीट तिथेच घ्या, म्हणजे पिसाक, ओयांतायतांबो, चिंचेरो आणि मोराय त्यातच येतात. रोख सोल, म्हणजे पेरूचं चलन, जवळ ठेवा. कॅथेड्रल, मारासची मिठागरं आणि माचू पिच्चू या तिकिटात नाहीत.

सगळ्यात जास्त फसगत होते कोरिकांचाच्या, म्हणजे इंकांच्या सूर्यमंदिराच्या बाबतीत. तिकिटावर कोरिकांचाचं नाव असतं खरं, पण ते आवेनिदा एल सोलच्या बाजूने शिरायच्या भूमिगत संग्रहालयाचं. खरं सूर्यमंदिर सांतो दोमिंगोच्या मठात आहे. त्याचं दार वेगळं आणि तिकीटही वेगळं. वेळ एकालाच असेल तर मठात जा.

साक्सायवामान, केन्को, पुका पुकारा आणि तांबोमाचाय ही शहराच्या डोक्यावरची चार ठिकाणं बघायची योग्य दिशा वरून खाली. पुपुती रस्त्यावरून पिसाकला जाणाऱ्या शेअर गाडीत बसा आणि तांबोमाचायला उतरवायला सांगा. तिथून शहर सात-आठ किलोमीटर आणि रस्ता बहुतांशी उताराचा. तांबोमाचायचे पाण्याचे झरे बघून झाले की पुका पुकारा काही मिनिटांवर. तिथून केन्कोपर्यंतचा टप्पा सगळ्यात लांब, मग साक्सायवामान आणि शेवटी सान क्रिस्तोबाल चर्चच्या अंगणातून सरळ मुख्य चौकात. अर्धा दिवस पुरतो. हेच खालून वर केलंत तर साक्सायवामानलाच दम संपतो. नोव्हेंबर ते मार्च दुपारी पाऊस धरतो, म्हणून सकाळी निघा. मे ते सप्टेंबर आभाळ स्वच्छ असतं, पण ऊन भाजून काढतं आणि रात्री पारा शून्याजवळ जातो. जुन्या घरांत खोली गरम ठेवायची सोय बहुधा नसते. खोली घेतानाच ‘कालेफाक्सिओन’ आहे का, विचारा.

साक्सायवामानचे दगड अजस्र आहेत, सगळ्यात मोठा शंभर टनांहून जड मानला जातो. तरी भिंत कशी वाचायची हे शिकायला कोरिकांचाच बरं. तिथे दगड लहान, रांगा सरळ, मध्ये चुना-माती काही नाही. दोन दगडांमधला सांधा शोधायला नजर अगदी जवळ न्यावी लागते. मग दोन पावलं मागे या: भिंत आत कललेली आहे, दारं-खिडक्या वर अरुंद होत गेल्या आहेत. भूकंपात तग धरण्याची ताकद या कलण्यात आणि सांध्यांत आहे. १९५० च्या भूकंपात वरचं मठाचं बांधकाम बरंच कोसळलं आणि त्याआड लपलेल्या इंकांच्या भिंती उघड्या पडल्या. चौकातून निघणाऱ्या लोरेतो गल्लीत आणि हातुन रूमियोक गल्लीत हेच दिसतं. खाली इंकांचा दगड, वर स्पॅनिश काळातला पांढरा गिलावा. बारा कोनांचा प्रसिद्ध दगड हातुन रूमियोकमध्येच आहे. त्याला हात लावायचा नाही. एका दगडावर थांबू नका, उन्ह तिरपं असताना अख्खी गल्ली चाला, सांध्यांच्या सावल्या तेव्हाच उठून दिसतात.

कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाताने रंगवलेलं ‘शेवटचं भोजन’ बघाच. ताटात भाजलेला कुई, म्हणजे अँडीजमधला गिनी पिग आहे. आत फोटो काढायला बंदी आहे.

दुपारचं जेवण ‘मेनू देल दिआ’ मागवा: सूप, मुख्य पदार्थ आणि पेय. शाकाहारी असाल तर ‘सिन कार्ने’ (मांस नको) एवढं म्हणून भागत नाही. किनोआचं सूपही बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात, म्हणून ‘सिन पोयो, सिन काल्दो दे पोयो’ (कोंबडी नको, कोंबडीचं पाणी नको) असं स्पष्ट सांगा. नळाचं पाणी पिऊ नका. या उंचीवर पाणी ८९ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून उकळी आल्यावर तीन मिनिटं तरी राहू द्या. टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधी भाडं ठरवा. १०० सोलच्या नोटेला सुटे मिळणं कठीण, १० आणि २० च्या नोटा जपून ठेवा. फाटकी डॉलरची नोट कुणी घेत नाही.

सान पेद्रो बाजारात फळांच्या रसाच्या ओळीत बसाल तेव्हा एक शब्द लक्षात ठेवा: ‘यापा’. वरची भर. ग्लास अर्धा झाला की पुढे करून म्हणा. बाई जारमध्ये उरलेला रस त्यात ओतते.