तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्याच्या खात्यावरच्या धावा

देवळात भेटणाऱ्या बायका विचारतात, शेजारच्या वहिनी विचारतात. परवा म्हार्दोळला लग्नात नणंदेनंही विचारलं, "पहाटे उठून तुम्ही ते अमेरिकेचं बेसबॉल बघता म्हणे? आणि त्यातला मधेच येऊन थोडा वेळ चेंडू टाकून जाणारा पिचर तुम्हांला आवडतो? तोच का?" पंगतीत बसून याचं उत्तर देता येत नाही. आज तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

लेकीच्या बाळंतपणासाठी २०१८ साली मी गोव्यातल्या फोंड्याहून बॉस्टनला गेले होते. नात रात्रीची झोपायची नाही. लेकीला विश्रांती मिळावी म्हणून रात्र मी घेतली होती. जावई बाहेरच्या खोलीत आवाज बंद करून सामना बघायचे, त्यांच्याजवळ मी नातीला घेऊन बसायची. त्यांनी मला जुजबी समजावलं. इनिंग नऊ, प्रत्येक इनिंगमध्ये तीन जण बाद झाले की बाजू बदलते. पिचर दमला की दुसरा येतो, आणि गेलेला पिचर सहसा त्या सामन्यात परत येत नाही.

२६ ऑक्टोबरची ती रात्र मी विसरणार नाही. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे तिकडच्या अंतिम मालिकेचा, तिसरा सामना, बॉस्टन रेड सॉक्स आणि लॉस एंजेलिस डॉजर्स. बरोबरी काही सुटेना. नऊ इनिंगचा सामना अठरापर्यंत गेला, सात तास वीस मिनिटं चालला. बाराव्या इनिंगमध्ये बॉस्टनकडून नेथन इओवाल्डी आला. पुढच्या सामन्याची सुरुवात करायला त्याला राखून ठेवलं होतं, आणि तो इथे टाकत राहिला. एकेक करत ९७ चेंडू. नात मांडीवर, माझा हात तिच्या पाठीवर, आणि त्याचा हात वर गेला की माझा थांबायचा. अठराव्या इनिंगला मॅक्स मन्सीनं चेंडू कुंपणापलीकडे मारला आणि संपलं. घड्याळात पहाटेचे साडेतीन. हार इओवाल्डीच्या नावावर लिहिली गेली. जावई म्हणाले, "आई, यानं बाकीच्या सगळ्यांचे हात उद्यासाठी राखले बघा." पुढचे दोन्ही सामने बॉस्टननं जिंकले आणि सिरीज ४-१ अशी घेतली.

इओवाल्डी हा खरा सुरुवात करणारा पिचर. पण त्याच्यामुळे माझं लक्ष हे काम रोज करणाऱ्यांकडे गेलं. त्यांना मिडल रिलीव्हर म्हणतात. सुरुवातीचा पिचर पाचव्या-सहाव्या इनिंगला दमतो, शेवटची इनिंग क्लोजरची, म्हणजे सामना संपवणाऱ्या पिचरची असते. या दोघांच्या मधला पल्ला यांचा.

मी एकतीस वर्षं पतसंस्थेत हिशेब लिहिले आहेत. कुठलाही तक्ता दिसला की कोणाच्या खात्यावर काय पडलं ते मी आधी बघते. बेसबॉलचा एक नियम कळला तेव्हा हातातलं काम तसंच राहिलं. समजा सहावी इनिंग आहे, एक जण बाद आहे आणि तिन्ही बेसवर, म्हणजे धावताना थांबायच्या तिन्ही जागांवर, प्रतिस्पर्धी उभे आहेत. मॅनेजर आधीच्या पिचरकडून चेंडू घेतो आणि नव्याच्या हातात ठेवतो. ते तिघे बेसवर पोचले ते आधीच्याच्या चेंडूंवर. आता ते तिघे घरी, म्हणजे फटका मारायच्या जागी परत पोचले, तर त्या धावा लिहिल्या जातात गेलेल्या पिचरच्या खात्यावर. नव्याची दिलेल्या धावांची सरासरी स्वच्छच राहते. आणि तरीही तो त्या तिघांसाठी जिवाचं रान करतो. बाहेर बाकावर टॉवेल घेऊन बसलेल्या माणसाचं खातं या क्षणी त्याच्या बोटांत असतं. ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

याच्या उलट नियमही आहे, आणि तो मला अजून पटलेला नाही. सामना वाचवल्याची नोंद, म्हणजे सेव्ह, १९६९ पासून अधिकृत आहे, पण ती मिळते सामना संपवणाऱ्याला. सहाव्या-सातव्या इनिंगला आलेल्याच्या वाट्याला ती जवळजवळ येतच नाही. मात्र त्याच्या हातून आघाडी गेली, तर 'सेव्ह घालवला' अशी नोंद त्याच्या नावावर पडते. जमेची बाजू मिळणार नाही, नावे मात्र पडणार! १९८६ मध्ये 'होल्ड', म्हणजे आघाडी सांभाळून चेंडू पुढच्याच्या हाती दिल्याची नोंद निघाली ती यांच्यासाठीच. पण अधिकृत नियमपुस्तकात ती अजून नाही.

मारियानो रिव्हेरा हा सगळ्यांत मोठा क्लोजर मानला जातो. ६५२ सेव्ह आहेत त्याचे. पण १९९६ च्या मोसमात तो बहुतेक सातव्या-आठव्या इनिंगला यायचा आणि चेंडू जॉन वेटलँडच्या हाती देऊन जायचा. १०७ हून जास्त इनिंग टाकल्या त्यानं. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजचा मानकरी वेटलँड ठरला.

तुम्हांला सामन्यात एक गोष्ट दाखवायची आहे. नवा पिचर आला की आधी खाली बघतो. तासभर पाय आपटून आधीच्यानं मातीत खड्डा पाडलेला असतो, त्याच्या पावलाच्या मापाचा. हा बुटाच्या टोकानं माती ओढतो, दाबतो, पाय ठेवून बघतो, परत ओढतो. मग ग्लोव्हमध्ये बोटं लपवून चेंडू धरतो. त्याला हवा असतो खाली पडणारा चेंडू, जमिनीवरून सरपटत जाणारा फटका. तसा फटका क्षेत्ररक्षकाच्या हाती गेला की तिथून दुसऱ्या बेसवर, दुसऱ्यावरून पहिल्यावर, एका फटक्यात दोन जण बाद. इनिंग तिथेच संपते, त्या तिघांतला एकही घरी पोचत नाही.

आमच्या गावच्या देवळात श्रावणात अखंड भजन असतं. वास्कोच्या सप्ताहाएवढं नव्हे, लहानच. मामंजींची पाळी रात्री दोन ते चारची. त्या वेळी ऐकायला माणूस नसतो, समईत तेल घालणारा तेवढा जागा. आधीच्यांचा सूर कितीही चढलेला असो, तो तसाच उचलायचा. आधीचा उठताना झांजा हातात द्यायचा, त्या वाजत असतानाच. खंड पडू द्यायचा नाही. मामंजी चार वाजता घरी येत, पाय धुऊन पडत. सकाळी आरतीला गर्दी व्हायची तेव्हा ते झोपलेले असत. सामना बघताना मला ते आठवतात.

एप्रिल ते सप्टेंबर तिकडचा रात्रीचा सामना आपल्याकडे पहाटे पावणेपाचच्या सुमारास सुरू होतो. सहाव्या इनिंगपर्यंत सहा-सव्वासहा होतात. आमच्या वाड्यावर पाव विकणाऱ्या पोदेरचा पोंगा त्याच सुमारास वाजतो. तुम्ही त्याच वेळेला या. मी वसरीवर मोबाइल टेकून ठेवलेला असेल, चहा तयार असेल, पोदेरचे उंडे पाव गरम असतील. पिचर बदलला की मी गप्प बसेन. तुम्ही त्याच्या पायांकडे बघा.