रेसच्या गाडीचे व्हील स्टड बदलताना

सोलापुरात लेथवाल्यांना तोटा नाही. यंत्रमागाचा एखादा भाग नमुना म्हणून दिला की संध्याकाळपर्यंत तसाच दुसरा तयार. म्हणून व्हील स्टडही, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या हबमधून बाहेर येणारे आटेवाले बोल्ट, करून घ्यायचा मोह होतो. तो आवरा. लेथवर कापलेल्या आट्यांच्या मुळाशी बारीक ओरखडे राहतात आणि तडा तिथूनच जायला लागतो. कंपनीच्या स्टडचे आटे रोल केलेले, म्हणजे कापून नव्हे तर दाबून पाडलेले असतात, शिवाय त्याला हीट ट्रीटमेंट असते.

आधी तुटलेला तुकडा नीट बघा. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेघा असतील, तर स्टड एका झटक्यात गेलेला नाही. नट सैल होता आणि स्टड वाकून-वाकून थकला. चाक हबला घट्ट दाबलेलं असेल तर गाडीचा जोर त्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण पेलतं, स्टडचं काम फक्त दाबून धरायचं. दाब गेला की १२.९ ग्रेडचाही (आकडा जितका मोठा तितका स्टड मजबूत) स्टड तुटतो. आमच्या मते १०.९ पुरेसा आहे. १२.९ वर साधं झिंक प्लेटिंग करून घेणं तर धोक्याचंच, कारण त्यात हायड्रोजन शिरून स्टड ठिसूळ होतो.

खरेदीला व्हर्नियर घेऊन जा. आटे मारुतीला १२ × १.२५, होंडा-ह्युंदाईला १२ × १.५ (पहिला आकडा व्यास, दुसरा दोन आट्यांमधलं अंतर, दोन्ही मिमीत). चुकीचा नट दोन फेरे गोड जातो, मग अडतो. तिथे कोणी इम्पॅक्ट गन लावली की आटे मेलेच. पण लोक फसतात ते डोक्याखालच्या दातेरी भागात. त्याचा व्यास हबच्या भोकापेक्षा साधारण पाव मिलिमीटर जास्त हवा. कमी असला तर स्टड जागेवर फिरतो, फार जास्त असला तर हबला तडा जातो. फिरणाऱ्या स्टडचं डोकं मागून वेल्ड करून देणारे बरेच भेटतील. त्या उष्णतेने स्टडचा कडकपणाच निघून जातो. भोक मोठं झालं असेल तर हब बदला.

लांबीचा हिशेब सोपा: नट किमान १२ मिमी आट्यांवर चढला पाहिजे. म्हणजे १.२५ च्या आट्यांवर दहा फेरे, १.५ वर आठ. चाक आणि हबमध्ये १० मिमीचा स्पेसर (चकती) असेल तर स्टडही तेवढा जास्त लांब घ्या. नट लोखंडी आणि आरपार उघडे घ्या, म्हणजे स्टडचं टोक बाहेर दिसतं.

बसवताना ब्रेकचा कॅलिपर आणि डिस्क काढा. जुना स्टड हातोड्याने ठोकू नका, बेअरिंगच्या रेसला (गोळ्या फिरतात त्या कड्याला) खड्डे पडतात. दाबून काढायचा पुलर वापरा. हब फिरवून मागे मोकळी जागा मिळते का बघा. लांब स्टड तिथून आत जात नसेल तर हब प्रेसवर काढावा लागतो, आणि मग नवं बेअरिंग धरूनच चाला. नवा स्टड हाताने फिरवत जुन्या खाचांत बसतो का ते चाचपा. मग ग्रीस लावलेल्या तीन-चार जाड वॉशर, त्यावर एक जुना नट उलटा, सपाट बाजू वॉशरकडे. साध्या पान्याने नट आवळत स्टड सावकाश आत ओढा. डोकं हबला टेकलं का ते मागून फीलर गेजने तपासा. पातळ पात आत जात असेल तर अजून ओढायचं आहे. अर्धवट बसलेला स्टड नंतर ट्रॅकवर सरकतो आणि चाक ढिलं होतं. ओढायला वापरलेला नट फेकून द्या.

आता चाक. नव्याने पावडर कोटिंग केलेल्या अलॉयच्या नट बसायच्या खोबणीत रंग असतो. गरम झाल्यावर तो चेपतो आणि नट आपोआप सैल पडतो. खोबणी आणि मागची बाजू धातू दिसेपर्यंत साफ करा, हबवरचा गंजही. आटे कोरडे ठेवा. तेल लावलं की त्याच टॉर्कला, म्हणजे आवळायच्या त्याच जोराला, स्टड जास्त ताणला जातो. टॉर्कचा आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या, नट आलटून-पालटून समोरासमोरचे आवळा, शेवट टॉर्क रेंचनेच.

पहिल्या सेशननंतर चाकं थंड होऊ द्या, मग पुन्हा टॉर्क तपासा. नट आणि चाकावर मिळून एक रंगाची रेघ ओढली की नट फिरलेला लांबूनही कळतो. आणि एक स्टड तुटला तर त्या हबचे सगळेच बदला. उरलेल्यांनी त्याचा भार ओढलेला असतो. कोईमतूरच्या रेस ट्रॅकला निघताना डिकीत एका हबचा पूर्ण संच, नट आणि वॉशर टाका.