जुन्या पिकअपचा सेल्फ: इंदूर, नोंद ३ (अर्थिंग आणि सोलेनॉइड)

गाडी अडीच लिटर डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल, १२ व्होल्ट, बॅटरी ८० अँपिअर-अवरची. तक्रारी दोन. जानेवारीत पहाटे पारा ८-१० अंशांवर असला की सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) रेंगाळतो. आणि पीथमपूरचा फेरा करून गरम गाडी बंद केली की पुढच्या वेळी चावी फिरवल्यावर नुसतं ‘टक’. या गाडीचा सेल्फ आधी दोनदा उतरलेला आहे. कार्बन (मोटरला करंट देणारे ब्रश) नवे, बुश नवे, तरी रेंगाळणं जसंच्या तसं. म्हणून या खेपेला सेल्फला हात न लावता आधी व्होल्टेज ड्रॉप मोजला, म्हणजे केबल आणि सांध्यांत वाटेत किती व्होल्ट वाया जातात ते.

तयारी थोडकीच. गियर न्यूट्रल, हँडब्रेक वर, आणि फ्युएल पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल तोडणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर काढलेली, म्हणजे इंजिन फिरेल पण चालू होणार नाही. एकानं चावी धरायची, दुसऱ्यानं मीटर. एका वेळी ५-६ सेकंदच सेल्फ मारायचा आणि मध्ये २ मिनिटं थांबायचं. सेल्फला पंखा नसतो, उष्णता आतच साठते.

उभ्या गाडीत बॅटरी १२.६४ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. सेल्फ फिरताना बॅटरीच्या टोकांवर १०.८. ९.६ च्या खाली गेली असती तर बॅटरीवर संशय घेतला असता, इथे ती सुटली. त्याच वेळी सेल्फवर बॅटरीची केबल येते तो मोठा बोल्ट आणि सेल्फची बॉडी यांच्यात फक्त ७.९ व्होल्ट. क्लॅम्प मीटरवर करंट १९० अँपिअर. मधले २.९ व्होल्ट वाटेत जळतायत, म्हणजे साधारण साडेपाचशे वॅट नुसती उष्णता.

कुठे जळतायत ते शोधताना मीटरची टोकं कुठे टेकवता यावर सगळं आहे. लाल टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यावर टेकवायचं, त्यावर आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पवर नाही. क्लॅम्पवर टेकवलं तर खुंटा आणि क्लॅम्प यांच्यामधला खराब सांधा मापातून निसटतो. पॉझिटिव्ह बाजूला सगळा मिळून ०.५ निघाला, चालण्यासारखा. निगेटिव्ह बाजूला, म्हणजे सेल्फच्या बॉडीपासून इंजिन आणि चासीतून बॅटरीकडे परतणाऱ्या अर्थिंगच्या वाटेवर, २.४! तिथे जास्तीत जास्त ०.३ हवा. मग एकेक सांधा घेतला: खुंटा ते क्लॅम्प ०.१, क्लॅम्प ते चासीचा लग (केबलच्या टोकाचं भोकाचं टर्मिनल) ०.६, चासी ते इंजिन ब्लॉक १.६, ब्लॉक ते सेल्फची बॉडी ०.१.

चोर सापडला, चासी ते इंजिन जाणारी विणलेली तांब्याची पट्टी. खात्रीसाठी जम्पर केबल बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट ब्लॉकवर लावली, आणि सेल्फ लगेच दमदार फिरला. मीटर नसेल तरी ही एक चाचणी करून बघाच.

पट्टी उतरवल्यावर कारण दिसलं. वरून ती नुसती मळकट होती. लगजवळ वाकवली तर विणीतून माळव्याची काळी माती वाळून भुकटी होऊन पडली, तिच्या आत हिरवट चूर, आणि निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या. काळी माती ओल धरून ठेवते. विणलेली पट्टी ती स्पंजासारखी पिते, चिखलातून फिरणाऱ्या गाडीत ती आतूनच कुजते. त्यात चासीच्या बाजूला लगखाली रंग मारलेला होता. रंगावर कितीही आवळा, करंट जातो तो बोल्टच्या चार आट्यांतूनच.

नवी जोडणी ३५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलची केली, ५० ची घेतली तरी उत्तम. लग तांब्याचे, टिन चढवलेले, ८ मिलिमीटर भोकाचे. सियागंजात हार्डवेअरवाल्यांकडे मिळतात. लग दाबयंत्रानं दाबून घ्या, हातोड्यानं चेपलेला लग वर्षभरात सैल होतो. दोन्ही जागा पॉलिश पेपरनं चकचकीत धातूपर्यंत घासल्या, आवळल्या, मग वरून ग्रीस. ग्रीस आधी लावायचं नाही. बॅटरीची निगेटिव्ह केबलही आता थेट गियरबॉक्सच्या बोल्टवर घेतली आणि चासीला वेगळी वायर दिली. ३५ च्या दीड मीटर केबलमध्ये २०० अँपिअरला जेमतेम ०.१५ व्होल्ट पडतात. त्याहून जास्त पडले तर दोष सांध्यात शोधायचा.

पुन्हा मोजलं तेव्हा निगेटिव्ह बाजू ०.२५ आणि सेल्फवर ९.८ व्होल्ट. करंट २१० झाला आणि बॅटरी १०.६ वर उतरली. बॅटरीचा आकडा कमी झाला म्हणून घाबरू नका. सेल्फ आता जोरात फिरतोय, म्हणून थोडा जास्त करंट ओढतोय. पहाटे सात-आठ सेकंद लागायचे, आता दोनेक सेकंदांत इंजिन पकडतं.

आता ते ‘टक’. एकच ठोस टक आणि पुढे शांतता, म्हणजे सेल्फवरच्या सोलेनॉइडचा (चावी दिल्यावर मोटरला करंट जोडणारा विद्युतचुंबकी स्विच) प्लंजर, म्हणजे आतला सरकता दांडा, आत गेला पण मोटरला करंट पोहोचला नाही. टकटकटक असं सलग वाजलं तर आधी बॅटरी, सांधे किंवा होल्ड कॉइल (प्लंजर आत धरून ठेवणारी) बघायची. सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टमध्ये मीटर लावला: फिरताना ०.९ व्होल्ट (०.२ च्या आत हवा), आणि नुसतं टक झालं तेव्हा पूर्ण १२. म्हणजे दोष दोन्ही बोल्ट जोडणाऱ्या आतल्या कॉन्टॅक्ट चकतीत.

निगेटिव्ह केबल काढूनच पुढचं काम. मोठ्या बोल्टवर फ्यूज नसतो, पाना चासीला टेकला तर वेल्डिंगच होईल. टोपीवरचे दोन सोल्डर सोडवून उघडल्यावर चकतीवर चंद्रकोरीसारखे दोन काळे खड्डे, आणि बोल्टच्या डोक्यांची आतली कड झिजून उतरती झालेली. चकती उलटी केली, बोल्ट अर्ध्या फेऱ्यानं फिरवून न झिजलेली बाजू समोर आणली. दोन्ही डोकी एका पातळीत हवीत, नाहीतर चकती एकाच बाजूला टेकते आणि पुन्हा तेच. ड्रॉप ०.१५ वर आला.

राहिलेलं काम: सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलवर चावी दिल्यावर ९.१ व्होल्टच पोहोचतात. सोलेनॉइडचा सगळा करंट जुन्या इग्निशन स्विचमधून जातोय. तिथे ७० अँपिअरचा रिले (थोड्या करंटनं मोठा करंट जोडणारा स्विच) बसवायचा आहे, त्याच्या टर्मिनलच्या नंबरांप्रमाणे: ३० नंबरला फ्यूज लावून बॅटरी, ८७ वरून सोलेनॉइड, ८६ ला चावीची वायर, ८५ अर्थ. गरम इंजिनावरचं माप त्यानंतर घेऊ.