वीस पावलांचा रस्ता

न्यूयॉर्कमध्ये सकाळी आधी गेले ते सहाव्या अॅव्हेन्यूच्या आणि ५४व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर. तिथे आता उंच ऑफिसची इमारत आहे. झिगफेल्ड थिएटर १९६६ मध्ये पाडलं. ठाऊक असूनही तिथे उभं राहावंसं वाटलं, कारण २७ डिसेंबर १९२७ ला याच जागी ‘शो बोट’ ही संगीतिका रंगमंचावर आली.

त्या काळच्या संगीतिकांत हलकीफुलकी गंमत आणि नाचणाऱ्या मुलींचा ताफा ठरलेला. इथे पडदा उघडला तो मिसिसिपीच्या धक्क्यावर कापसाच्या गठड्या उचलणाऱ्या कृष्णवर्णीय हमालांवर. गोऱ्याशी लग्न केलं म्हणून बोटीवर नाटकं करणाऱ्या मंडळीची नायिका ज्यूली गुन्हेगार ठरते, कारण तिच्या अंगात कृष्णवर्णीय रक्त आहे. करमणुकीला आलेल्या प्रेक्षकांपुढे हे मांडायला छाती लागते. संगीत जेरोम कर्नचं, शब्द ऑस्कर हॅमरस्टीनचे.

संध्याकाळी ४४व्या रस्त्यावरच्या सेंट जेम्स थिएटरपाशी पोचले. ‘शो बोट’नंतर पंधरा वर्षांनी, ३१ मार्च १९४३ ला, तेच हॅमरस्टीन संगीतकार रिचर्ड रॉजर्सबरोबर इथे ‘ओक्लाहोमा!’ घेऊन आले. सुरुवातीला अंगणात लोणी घुसळत बसलेली एक बाई, आणि विंगेतून एका गुराख्याचं गाणं. बस्स. पहिल्या अंकाच्या शेवटी अॅग्नेस डी मिलनं बसवलेलं स्वप्ननृत्य येतं आणि नायिकेच्या मनातली धास्ती तिच्या तोंडून एकही शब्द न काढता कळते.

मी संगीत नाटकांवर वाढले. आमच्याकडे पद रंगलं की कथानक खुशाल थांबायचं, वन्समोअर व्हायचा, आणि मला ते थांबणं अजूनही प्रिय आहे. ‘ओक्लाहोमा!’त मात्र गाण्याआधीचं माणूस आणि गाण्यानंतरचं माणूस एकच राहत नाही. मला त्याचं मोठेपण इथेच वाटतं. त्याचे २,२१२ प्रयोग झाले.

सेंट जेम्सच्या बरोबर समोर मॅजेस्टिक थिएटर. ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ इथे १९८८ पासून २०२३ पर्यंत चाललं, म्हणून बहुतेक लोक त्याचेच फोटो काढतात. मी मात्र १९४५ चा विचार करत होते. त्या एप्रिलमध्ये रॉजर्स-हॅमरस्टीनचं ‘कॅरूसेल’ मॅजेस्टिकमध्ये लागलं आणि दोन वर्षं एकाच जोडीची दोन नाटकं समोरासमोर चालू होती. मी रस्ता ओलांडून पाहिला. वीस पावलंसुद्धा लागली नाहीत.