पोल्युशन म्हणजे विटाळ

पुण्यात दीड वर्ष बँकेच्या परीक्षांची तयारी केली तेव्हा माझ्याकडे वर्डलिस्टचं एक जाडजूड पुस्तक होतं, तीन हजार शब्द, समोर मराठी अर्थ. रोज तीस पाठ करायचे. सकाळी तीसच्या तीस यायचे अन् संध्याकाळपर्यंत त्यातले सहा उरायचे. दोन वेळा इंग्रजीतच अडकले. सर म्हणत वाचन वाढव, एडिटोरियल वाच, पण वाचलेला शब्द बोलायचा कोणाशी? रूमवर तर माझ्या मराठीचंच हसू व्हायचं, मले-तुले निघालं की पोरी आपसात बघायच्या. (मराठीतलं पहिलं मोठं गद्य, लीळाचरित्र, आमच्याच इकडे विदर्भात, रिद्धपूरला लिहिलं गेलं हे तेव्हा माहीत असतं तर तोंडावर मारलं असतं. असो.)

२०१९ च्या दसऱ्याला घरी आले होते आणि दरवर्षीसारखे आम्ही सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो. तिथे पुस्तकांचे स्टॉल लागतात ते ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको, लोक फोटो-मूर्ती घेतात तसे पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात. मी इंग्रजीच्या नादात तीन घेतली. अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट, बाबासाहेबांचंच छोटंसं वेटिंग फॉर अ व्हिसा, आणि अ‍ॅन फ्रँकची डायरी, तीही इंग्रजीतून. घेतली आणि ट्रंकेत टाकली.

मग मार्च २०२० आला. पुण्याहून कशीबशी गावी पोचले, आमचं गाव दारव्ह्याकडे, नेट म्हणजे स्लॅबवर चढून हात वर केला तर दोन काड्या. टेस्ट सिरीज बंद, क्लास बंद. तेव्हा ती ट्रंक उघडली.

पहिली चूक अशी केली की सर्वात अवघड पुस्तक आधी घेतलं. अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट हे १९३६ चं भाषण, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं, मंडळाला त्यातले विचार झेपले नाहीत म्हणून भाषण झालंच नाही आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. मंडळाला विचार झेपले नाहीत, मला शब्द. एका पानाला पंचवीस वेळा डिक्शनरी. पाचव्या पानावर सोडलं.

व्हिसा मात्र एका दुपारीत वाचून झालं. साधी सरळ वाक्यं, गोष्ट सांगावी तशी. १९०१ साली नऊ वर्षांचे भीमराव, भाऊ आणि बहिणीची मुलं असे सगळे वडिलांकडे निघालेत, मसूर स्टेशनला उतरतात, घ्यायला कोणी येत नाही कारण पत्र वडिलांच्या हातात पडलंच नाही, आणि जात कळल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो, एकही गाडीवाला यायला तयार नाही. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं अन् बैल पोरांनीच हाकायचे, गाडीवाला बाजूने पायी, असं ठरतं. सोबत जेवण आहे पण पाणी कोणी देत नाही, रात्रभर.

त्यात पोल्युट हा शब्द येतो. मी थबकलेच. पोल्युशन म्हणजे प्रदूषण, भूगोलात शिकलो, गाडीचं पीयूसी काढतो ते. गाडीवानाला कसलं प्रदूषण होणार होतं?

संध्याकाळी आजी ओट्यावर तूर निवडत होती. तिला मी ती गोष्ट सांगायला लागले आणि इथेच माझा खरा अभ्यास सुरू झाला, कारण आजीला सांगायचं म्हणजे इंग्रजी शब्द एकही चालत नाही, वर्डलिस्टमधला छापील मराठी अर्थ तर अजिबात नाही. मी म्हटलं, त्या गाडीवाल्याले वाटे का हे पोरं बसले का त्याची गाडी घाण होईन. आजी हातातलं सूप न थांबवता म्हणे,

"घान नाई व माय. विटाय. हे त विटायाचं सांगून रायली तू. आमाले वरून पानी टाकत, ओंजय करा लागे. ओंजयीतून गयून गयून पिनं किती होते?"

तो शब्द त्या दिवशी जो बसला तो आजपर्यंत हलला नाही.

तेव्हापासून एक वही केली. तीन रकाने. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात पुस्तकातलं पूर्ण वाक्य, तिसऱ्यात मराठी अर्थ नाही, तर तो शब्द ज्याच्यावरून आठवेल तो गावातला माणूस किंवा वस्तू किंवा आजीचा शब्द. दिवसाला पाचच. पहिल्या वाचनात डिक्शनरी उघडायची नाही, नुसती पेन्सिलची रेघ, कारण अर्धे शब्द पुढच्या पानावर आपोआप कळतात. दुसऱ्या वाचनात जे उरले ते शोधायचे. आणि संध्याकाळी आजीला गोष्ट. बस, एवढंच.

अ‍ॅन फ्रँकची डायरी आम्ही दोघींनी मिळून महिनाभर वाचली असं म्हणा. १९४२ च्या जूनमध्ये तेराव्या वाढदिवसाला पोरीला वही मिळते आणि जुलैत सगळं कुटुंब अ‍ॅमस्टरडॅमला वडिलांच्या ऑफिसच्या मागच्या भागात लपतं, नंतर अजून माणसं येऊन एकूण आठ. तो मागचा भाग म्हणजे अ‍ॅनेक्स. फॉर्मला जोडायचं ते अ‍ॅनेक्श्चर आम्हा परीक्षावाल्या पोरींना तोंडपाठ, घराला जोडलेला तो अ‍ॅनेक्स, हे एका सेकंदात बसलं. ज्यूंवर काय काय बंदी होती त्याची यादी तिने सुरुवातीलाच लिहिलीय, पिवळा तारा लावायचा, सायकली जमा करायच्या, ट्राममध्ये बसायचं नाही, दुकानात तीन ते पाचच जायचं, रात्री आठनंतर बाहेर नाही. फॉरबिडन, फॉरबिडन, किती वेळा तो शब्द वाचला असेल. कर्फ्यू समजवायची तर गरजच पडली नाही, चौकात पोलीस उभेच होते. कूपन म्हणजे रेशन, तेही आजीला ठाऊक.

पण तिचे प्रश्न मला अडकवायचे. "आठ मानसं अन् खिडक्या बंद, मंग संडासले?" मला परत पुस्तकात जावं लागलं. खाली ऑफिसात माणसं असेपर्यंत नळ सोडायचा नाही, फ्लश नाही, पायात बूट नाही. हे शोधताना फ्लश, टिपटो, व्हिस्पर असे चार-पाच शब्द फुकटात मिळाले.

एक शब्द मात्र उलटा फिरला. अ‍ॅट्रॉसिटी. आमच्या गावात शाळा न शिकलेल्या माणसालाही हा शब्द माहीत आहे, पण तो म्हणजे १९८९ चा कायदा, म्हणजे केस, "अ‍ॅट्रॉसिटी लागली". महायुद्धावरच्या एका धड्यात वॉर अ‍ॅट्रॉसिटीज वाचलं तेव्हा मला वाटलं हिटलरच्या लोकांवर आपल्या कायद्याने केस कशी झाली! हसू नका. शब्दाचा मूळ अर्थ क्रूर अत्याचार, कायद्याचं नाव त्यावरून पडलं, हे मला एमए झाल्यावर कळलं.

इन्सल्ट आणि ह्युमिलिएट यातला फरकही वर्डलिस्टने कधी सांगितला नव्हता, दोन्हीसमोर अपमान. वहीत इन्सल्टसमोर "किराणा दुकानातलं भांडण" आहे आणि ह्युमिलिएटसमोर पाणउतारा, पुढे कंसात "रूमवरचं हसू". डिस्प्लेस्डसमोर मामाचं गाव आहे, धरणात गेलेलं.

एक सांगते, अशी पुस्तकं लागोपाठ वाचू नका. जुलैत मला आठ-दहा दिवस झोपच नाही, शेवटी वही बंद करून वावरात निंदायला गेले, तेव्हा बरं वाटलं. आणि परीक्षेचं विचाराल तर पुढच्या वर्षी इंग्रजीत निघाले, गणितात अडकले.

डायरीचा शेवट आजीला सांगायचं मी दोन दिवस टाळलं. ऑगस्ट १९४४ मध्ये ते पकडले जातात, आठातला एकटा बापच वाचतो. सांगितलं तेव्हा आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणे, "पोरगी गेली, मंग वही कोनापाशी होती?"

ऑफिसातली मीप नावाची बाई होती, त्यांना चोरून सामान पुरवणारी, तिने वही उचलून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली, पोरगी परत येईल म्हणून, आणि पोरगी नाही हे नक्की कळल्यावर बापाला दिली.

"वाचली नाई तिनं?"

"नाई. तशीच ठेवली."

"ठेव होती ना ते," आजी म्हणे आणि कंबरेची किल्ली सारखी केली. शेजारच्या म्हातारीचे चांदीचे गोट आमच्या कपाटात सहा वर्षांपासून आहेत, कापडात बांधलेले, आम्ही कोणीच ते सोडून पाहिले नाहीत.

रात्री ठेवला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधलं. डिपॉझिट निघालं, ते बँकेचं वाटलं. मग एन्ट्रस्ट सापडलं. तिसऱ्या रकान्यात लिहिलं, आजीच्या कंबरेची किल्ली.