फिरोजाच्या अंगठीत नीलम : डावा खांदा सर झाला!

बसला एकदाचा! चांदीच्या अंगठीत मधे फिरोजा आहे, त्याच्या दोन्ही खांद्यांवर, म्हणजे फिरोजाच्या दोन बाजूंच्या पट्टीवर, एकेक लहान खडा बसवतोय. डाव्या खांद्यावरचा नीलम नखाने हलत नाही, वरून कापूस फिरवला तरी एक तंतू अडकत नाही. उजवी बाजू अजून कोरी आहे.

आच द्यायची नाही हे मागेच ठरलं होतं. मधल्या फिरोजाला टॉर्च सोसणार नाही, म्हणजे डाख बाद, नवं कोंदण बाद. उरलं थेट चांदीत घर कोरून फ्लश सेटिंग, म्हणजे खडा पृष्ठभागाच्या पातळीत बसवून भोवतीची चांदी त्याच्या कडेवर दाबायची. सरावाच्या सपाट पट्टीवर ते झकास जमत होतं. अंगठीसारख्याच गोल पाठीच्या तुकड्यावर मात्र 2 मि.मी.चा गार्नेट दोन कडांना उघडा पडायचा. बर (घर कोरायचं फिरतं पातं) बदलला, पकड बदलली, ढिम्म फरक नाही.

शेवटी कॅलिपर घेऊन बसलो. खड्याचं टेबल (वरचा सपाट पैलू) चांदीच्या पृष्ठभागाशी आणलं की गर्डल (खड्याची सर्वांत रुंद कड) 0.3 मि.मी. खाली जातो. पण पाठीच्या मध्यापासून 1 मि.मी. बाजूला चांदीच 0.2 मि.मी. उतरलेली! गर्डलवर दाबायला उरतो जेमतेम 0.1. अजून खोल जावं, तर अंगठीची पट्टी 1.4 जाड आणि खडा 1.2 उंच, त्याचं खालचं टोक थेट बोटाला टोचणार.

तोड निघाली ती अशी: माथ्यावर कानशीने 2 मि.मी. रुंद सपाटी काढायची आणि खडा 1.5 चा घ्यायचा. त्याची उंची 0.9च्या आसपास, म्हणजे सपाटीत 0.2 गेले तरी खाली 0.3 चांदी शाबूत. लहानच घ्यायचा तर नीलम का नको? गार्नेटवर बर्निशर (चांदी दाबून घासायचं पोलादी हत्यार) घसरला की जीव वर येतो. नीलमची कठीणता 9, पोलाद त्याला ओरखडत नाही. फिरोजावर मात्र टेपचे दोन थर हवेतच.

चांदीला डायमंड बर लावू नका, लगेच चोंदतो. साधा धारदार पोलादी बर, मेण लावून, सावकाश. खड्याहून केसभर लहान घ्या. खडा टक् करून बसला पाहिजे.

पॉलिशनंतर ती सपाटी जरा बोडकी दिसते. गोलाई परत आणायचा बेत होता, पण लिहिता लिहिता सुचलं, तिथे ग्रेव्हरने (कोरायच्या टोकदार हत्याराने) किरण कापून स्टार सेटिंगचा, म्हणजे खडा चांदणीच्या मधे बसल्याचा, भास दिला तर? सपाटी झाकायलाच नको, तीच नक्षीची जागा होईल. उजव्या खांद्याला हात लावण्याआधी सरावाच्या तुकड्यावर किरण कापून बघतो. खड्याभोवती उरणाऱ्या 0.25 मि.मी.च्या काठात ग्रेव्हर कितपत फिरतो, त्यावर सगळं आहे.